गुरुजींच्या घरचा मासा

देवदत्त गुरुजींनी आयुष्यात मासा पाहिला तो वाईच्या घाटावर. सकाळी स्नानाला उतरलं की पायांशी झुंडीनं यायचे, कणकेच्या गोळ्यांवर तुटून पडायचे, तेच. त्यापलीकडे या जिवाशी त्यांचा काही संबंध नव्हता. घर पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकीचं. तिथं लसूणसुद्धा चातुर्मासात उंबरठ्याबाहेर.

पण साईराजची बदली झाली. साईराज फलटणचा, बँकेत नोकरीला. गुरुजींच्या तळमजल्यावरच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं राहिलेला शांत पोरगा. सहा महिन्यांपूर्वी त्यानं खोलीत चार फुटी काचेची टाकी आणून ठेवली होती आणि तीत दोन मासे होते. वीत-वीतभर लांबीचे, काळ्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, लाल शेपटीचे. तोंडाशी मांजरासारख्या लांब मिशा. नागपूरचा हुकूम आला तेव्हा बिऱ्हाड ट्रकवर चढलं, पण टाकी काही चढेना.

"महिन्याभरात सोय लावतो आणि येऊन नेतो, गुरुजी," तो म्हणाला. "तोवर सांभाळा. फार काही करावं लागत नाही."

"खातात काय?" गुरुजींच्या पत्नी उमाकाकूंनी विचारलं.

साईराज जरा घुटमळला. "काहीही चालतं, काकू," म्हणाला आणि निघून गेला.

काहीही चालतं म्हटल्यावर गुरुजींनी जे माहीत होतं ते केलं. कणीक मळली, हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून टाकल्या. मासे गोळ्यांजवळ आले, मिशांनी चाचपून बाजूला झाले. लाजत असतील, म्हणून गुरुजींनी संध्याकाळी आणखी टाकल्या. चार दिवसांत पाणी ताकासारखं झालं आणि खोलीला आंबूस वास येऊ लागला.

गुरुजींच्या घरात रोज सकाळी आदल्या दिवसाचं शिळं पाणी ओतून, कळशी लख्ख घासून ताजं पाणी भरायचा रिवाज. पाचव्या दिवशी त्यांनी धोतर खोचलं आणि टाकीलाही तोच न्याय लावला. मासे बादलीत काढले. सगळं पाणी उपसलं. काच घासली. गाळणीच्या यंत्रातला स्पंज गाळानं काळाकुट्ट झालेला, तो नळाखाली धरून पिळून पिळून पांढराफटक केला. मग नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरून मासे सोडले. टाकी अशी चमकत होती की त्यांनी उमाकाकूंना मुद्दाम हाक मारून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा मासा, म्हणजे दोघांत जो बोटभर लहान होता तो, पोट वर करून तरंगत होता. थोरला पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होता.

माणूस गेल्यावर काय काय करायचं ते गुरुजींना तोंडपाठ होतं. माशासाठी काय करतात, ते ठाऊक नव्हतं. त्यांनी परसात जास्वंदीखाली खड्डा खणला, धाकट्याला केळीच्या पानात ठेवून माती लोटली, हातपाय धुतले आणि साईराजला फोन लावला.

सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला कसं सांगणार होतो? मी त्यांना कोळंबी घालायचो. सहा महिने दार लावून घालायचो."

गुरुजींना राग यायला हवा होता. पण परसात नुकतीच माती लोटलेली, त्यामुळं रागाला जागा नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "आता उरलेला कसा वाचवायचा ते सांग."

साईराजनं साताऱ्याच्या दिग्विजयचा नंबर दिला. मासे त्याच्याच दुकानातून घेतलेले. दिग्विजय फोनवर म्हणाला, "खायला आजिबात घालू नका. हवेचा पंप चालू ठेवा. आनि टाकीतलं पानी बाटलीत घिऊन इकडं या, लगेच."

उमाकाकू दारात उभ्या होत्या. "अहो, घाटावर सोडून द्या त्याला. नदीत जगेल तरी. आपल्या घरचं काम आहे का हे?"

"एक माझ्या हातानं गेला, उमा," गुरुजी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी भरत म्हणाले. "दुसरा डोळ्यांआड केला म्हणजे मी सुटलो, असं होत नाही."

साडेनवाची एसटी धरून ते साताऱ्याला गेले. दिग्विजयचं दुकान पोवई नाक्याच्या अलीकडे एका बोळात होतं. तिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. शेंडी, उपरणं आणि हातात लोणच्याची बरणी पाहून तो उठून उभाच राहिला. बरणीतलं पाणी त्यानं एका नळकांड्यात घेतलं, वर दोन औषधांचे थेंब टाकले. पिवळं दिसायला हवं होतं ते पाणी बघता बघता गर्द हिरवं झालं.

"अमोनिया," दिग्विजय म्हणाला. "गुरुजी, मासा पान्यातच खातो, पान्यातच हगतो, तेच पानी श्वासाला. मग मरत का न्हाई? तर ती घान पचवनारे बारीक जंतू असत्यात. त्यांचं घर म्हंजे तो काळा स्पंज. तुमी तो पिळून काढला. वर नळाचं ताजं पानी घातलं, त्यात क्लोरीन. ह्यो गरम परदेशातला मासा, ह्याला खवलं नसत्यात, कातडी उघडी. लय भाजलं आसंल त्याला."

"म्हणजे मी स्वच्छ केलं म्हणून तो मेला?"

"व्हय," दिग्विजयनं आडपडदा ठेवला नाही. "लय स्वच्छ केलं."

गुरुजी बाकावर बसले. मग पिशवीतून पंचांगाच्या मापाची वही काढली आणि म्हणाले, "आता नीट सांगा. मी लिहून घेतो."

एखाद्या विधीची सामग्री सांगावी तसं दिग्विजय सांगत गेला आणि गुरुजी लिहीत गेले. नळाचं पाणी पिंपात भरून चोवीस तास उघडं ठेवायचं, त्यात हवेची नळी सोडायची, मगच वापरायचं. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, एका वेळी तिसरा हिस्सा. आता आठ दिवस रोज, नंतर आठवड्याला एकदा. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, तोही नुसता हलवून. आठ दिवस मासा उपाशी राहिला तरी चालेल. मग एक दिवसाआड खाणं, पोट किंचित गोल दिसेल इतकंच. तासाभरात खाल्लं नाही ते काढून टाकायचं. कोंबडीचं काळीज, मटण असलं काही नाही, ती चरबी त्याला पचत नाही. जिवंत छोटे मासेही नकोत, ते रोग घेऊन येतात.

"शाकाहारी काही?" गुरुजींनी मान वर न करता विचारलं.

"पान्यात बुडनारी गोळी मिळती. पन तीबी मासळीच्या भुकटीचीच आसती, खोटं कशाला सांगू? आनि ह्याला कोळंबीची चटक लागलीय. गोळीला एकदम तोंड लावनार न्हाई. आधी कोळंबीच द्यावी लागंल." मग म्हणाला, "गुरुजी, तुमाला जमनार नसंल तर मी ठिवून घेतो. पन माझ्याकडं जागा न्हाई, लहान टाकीत पडंल."

गुरुजींनी वहीत 'कोळंबी' हा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

पुढचे आठ दिवस त्यांनी परसात दोन निळी पिंपं भरून ठेवली. ताजं आज भरायचं, कालचं टाकीत घालायचं. ज्या घरात शिळं पाणी ओतून द्यायचे त्या घरात आता ते जपून ठेवलं जाऊ लागलं. रोज संध्यावंदन उरकलं की नळीनं टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढायचं आणि पिंपातलं तांब्यातांब्यानं, आवाज न करता आत सोडायचं. तिसऱ्या दिवशी माशाच्या धापा थांबल्या. सहाव्या दिवशी तो तळाला जाऊन बसला. आठव्या दिवशी गुरुजींची सावली काचेवर पडताच पुढं आला आणि मिशा हलवू लागला. भूक लागली होती.

मासळीवाल्या मनुबाई मंडईच्या मागच्या रस्त्यावर बसायच्या. जातीनं भोई, धोमच्या पाण्यात सासरच्यांची जाळी. पाटीसमोर गुरुजी येऊन उभे राहिले तशी गिऱ्हाइकं दोन पावलं सरकली. मनुबाईंनी पदर सावरला.

"आवं गुरुजी, वाट चुकला का काय?"

"नाही. चार कोळंब्या हव्यात. सोलून."

शेजारची बाई खुदकन हसली. मनुबाई हसल्या नाहीत. "कुनासाठी?" त्यांनी सरळ विचारलं आणि गुरुजींनी सरळ सगळं सांगितलं, कणकेच्या गोळ्या, पांढराफटक स्पंज, जास्वंदीखालचा खड्डा. मनुबाई ऐकता ऐकता कोळंबी सोलत होत्या. डोकं, साल, पाठीतला काळा दोरा काढून त्यांनी चार तुकडे हिरव्या पानात बांधले.

"धुवून दिलंय. आनि गुरुजी, हातात धरायला किळस येत आसंल तर चिमटा घ्या. मनात किळस ठिवून घातलेलं जनावर खात न्हाई."

उमाकाकूंनी स्वयंपाकघराची विळी द्यायला नकार दिला. त्यांचंही बरोबर होतं. गुरुजींनी वेगळा चाकू आणला, वेगळी पाटी आणली आणि परसातल्या धुण्याच्या दगडाशी बसून तुकडे केले. पहिल्या दिवशी दोनदा उठून त्यांना तोंड धुवावं लागलं. तिसऱ्यांदा ते उठले नाहीत. चिमट्यानं तुकडा पाण्यात धरला. माशानं मिशांनी चाचपला, तोंड उघडलं, आणि एवढ्या शांत जिवाचं तोंड इतकं रुंद असेल असं गुरुजींना वाटलं नव्हतं. तुकडा नाहीसा झाला. दुसराही झाला. तिसऱ्याला त्यांनी हात आखडता घेतला. मासा काचेशी येऊन वाट पाहत राहिला, पण वहीत लिहिलं होतं तेवढंच.

आंघोळ करून ते घरात आले तेव्हा उमाकाकूंनी विचारलं, "खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पान वाढायला घेतलं.

गावात बोलणं झालंच. कुणी म्हणे गुरुजींनी बाटगेपणा धरला, कुणी म्हणे औषधासाठी नेतात. श्रावण लागला तसं ते जास्त वाढलं आणि एका घरचा सत्यनारायण दुसऱ्या भटजींकडे गेला. गुरुजी कुणाला समजावत बसले नाहीत. पण श्रावणातच त्यांनी गोळीचा निश्चय केला. गोळ्या कोळंबीच्या पाण्यात भिजवायच्या आणि टाकायच्या. माशानं तोंडात घेऊन थुंकल्या. तासाभरानं गुरुजींनी जाळीनं वेचून काढल्या. एक दिवस मध्ये जाऊ दिला, पुन्हा टाकल्या. पुन्हा थुंकल्या.

"अहो, उपाशी मरेल तो," सहाव्या दिवशी उमाकाकू कळवळून म्हणाल्या. "आणा ना त्याची कोळंबी."

"दिग्विजय म्हणतो दोन आठवडे काही होत नाही. आज कोळंबी दिली तर हट्ट त्याचा खरा ठरेल. बघू कोण आधी दमतं."

दहाव्या दिवशी माशानं गोळी तोंडात घेतली आणि थुंकली नाही. मग कोळंबी फक्त आठवड्याला एकदा उरली. पण मनुबाईंच्या पाटीशी जाणं गुरुजींनी सोडलं नाही.

गणपतीत त्यांना दिवसभर पूजा असायच्या, तेव्हा खाणं उमाकाकूंवर आलं. मासा काचेशी येऊन बघत राहायचा आणि त्यांच्यानं राहवायचं नाही. आज दोन गोळ्या जास्त, उद्या खाणं न द्यायचा दिवस असूनही मूठभर. चौथ्या दिवशी त्यानं सगळं ओकून टाकलं आणि पाणी गढूळलं. गुरुजी घरी आले तेव्हा उमाकाकू नऊवारी खोचून नळीनं पाणी काढत होत्या. तिसरा हिस्सा झाल्यावर त्यांनी स्वतःहून नळी थांबवली.

"स्पंज धुतला नाही," त्या म्हणाल्या. "आणि तीन दिवस त्याला काही देणार नाही. माया आली की हात सैल सुटतो माझा."

वाईची थंडी मासा काचेच्या टाकीत काढू शकला तो पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरमुळं. त्यानं शेपटीच्या एका फटक्यानं पहिला हीटर फोडला, म्हणून दुसऱ्याला प्लास्टिकच्या जाळीचं कवच घातलं. संक्रांतीला तो हातभर झाला. होळीला टाकीत वळताना त्याची शेपूट एका काचेला आणि मिशा दुसऱ्या काचेला लागू लागल्या. साईराजचे फोन येत होते, पण त्याची नागपूरची खोली दहा बाय दहाची होती. गुरुजींनीच एकदा सांगून टाकलं, "तू त्याची काळजी करू नकोस. तो आता माझा आहे."

जागेचं मात्र काही सुचत नव्हतं. त्याच सुमारास लालासाहेब आले. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ओझर्ड्याकडचे ऊसवाले, गुरुजींचे जुने यजमान. नातवाच्या जावळाचा दिवस ठरवायला आलेले. त्यांनी मासा पाहिला आणि खूश झाले.

"गुरुजी, लय देखना जीव हाय. असा डांबून कशाला ठिवायचा? जावळाच्या दिवशी नातवाच्या हातनं कृष्णामाईत सोडू. मंत्र तुमी म्हना. सगळी भावकी घाटावर असंल, तुमच्या नावाचं बी चांगलं हुईल."

गुरुजींच्या मनात क्षणभर आलं, की खरंच. वर्षभराची कटकट सुटेल, बोलणाऱ्यांची तोंडंही मिटतील. ते लगेच हो म्हणाले नाहीत, एवढंच. दुसऱ्या दिवशी पाटीसमोर उभं राहून त्यांनी मनुबाईंना विचारलं.

मनुबाईंचा कोयता थांबला. "हात जोडते, गुरुजी, असलं करू नका. आमच्या सासऱ्याच्या टायमाला ह्या पान्यात मरळ, वांब, काय काय घावायचं. मग कुनी तरी बाहेरनं चिलापी आनून सोडली. आता जाळं वढलं की निस्ती चिलापी. तिनं दुसऱ्यांची अंडीपिल्लं ठिवली न्हाईत. आनि तुमचा तर हातभर हाय, तोंड ह्ये एवढं. थंडीत मरंल, न्हाई मेला तर घाटावरचं एक पिल्लू ठिवायचा न्हाई. तुमी ज्यास्नी कनीक घालता त्येच की ते."

जावळाचा दिवस पक्का करायला गुरुजी स्वतः लालासाहेबांच्या घरी गेले. ओसरीवर पाच-सात भाऊबंद बसले होते. मासा घाटावर सोडायचा बेत सगळ्यांच्या कानावर गेलेला.

"दिवस चांगला आहे, विधीही करू," गुरुजी म्हणाले. "मासा मात्र सोडणार नाही. आणि मी असेपर्यंत कुणी परका मासा नदीत सोडायला आणला तर मंत्र म्हणणार नाही. तो इथला नाही. नदीतल्या जिवांना तो खाऊन टाकील आणि पाप माझ्या माथी येईल."

"गुरुजी, माझ्या शब्दाला नको म्हंता?" लालासाहेबांचा आवाज चढला.

"तुमच्या शब्दाला नाही, सुभेदार. या कामाला."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आयुष्यभर हुकूम दिलेला आणि झेललेला माणूस. समोरचा हटणार नाही हे त्यांना कळलं. "मग करनार काय त्याचं?"

"खालची खोली पुन्हा भाड्यानं द्यायची नाही असं ठरवलंय," गुरुजी म्हणाले. हे त्यांनी ठरवलं होतं ते येताना रस्त्यातच. "तिथं हौद बांधीन."

हौद बारा फूट लांब, आठ फूट रुंद, कमरेएवढ्या उंचीचा. गवंडी लालासाहेबांनी पाठवला, न सांगता. विटांचा ट्रॅक्टरही त्यांचाच आला. दहा दिवसांत गिलावा झाला. गुरुजींना घाई झाली होती, पण दिग्विजयनं फोनवर बजावलं, "नव्या सिमिटात मासा टाकला तर गेला. भरा, तीन दिवस ठिवा, सोडून द्या. परत भरा. पानी तपासायच्या पट्टीचा रंग सांगंल तवाच." गुरुजींनी सात वेळा हौद भरला आणि सात वेळा रिकामा केला. परसातली केळ त्या पाण्यानं पिवळी पडली. वैशाख सरत आला तेव्हा पट्टीचा रंग जुळला. हौदासाठीचं नवं गाळणीयंत्र महिनाभर आधीच जुन्या टाकीला जोडून ठेवलेलं, त्याचाही स्पंज आता काळा झाला होता.

मासा हलवायला दिग्विजय साताऱ्याहून आला. आदल्या दोन दिवसांत खाणं बंद होतं. ओल्या चादरीच्या झोळीत मासा घेऊन एका बाजूला दिग्विजय, दुसऱ्या बाजूला गुरुजी. चार पावलांचं अंतर, पण झोळीत त्यानं एक झटका दिला तेव्हा गुरुजींचा खांदा निखळतो की काय असं झालं. हौदात सोडताच तो सरळ तळाशी गेला आणि कोपऱ्यात निपचित पडला.

"दोन वर्सांनी हेबी कमी पडंल कदाचित," जाताना दिग्विजय म्हणाला.

"तेव्हा भिंत पाडू," गुरुजी म्हणाले. "पलीकडं अडगळीची खोली आहे."

पहिल्या दिवशी मासा हलला नाही. तिसऱ्या दिवशी टाकलेली गोळी तशीच पडून राहिली आणि तासाभरानं जाळीनं काढावी लागली. पाचव्या दिवशीही तेच. उमाकाकू दिवसातून चारदा डोकावून जात. गुरुजी रोज पाणी तपासत होते, वहीत आकडा लिहीत होते, आणि आकडा चांगला होता. घाबरून काही बदलायचं नाही, एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी मनुबाई दारात आल्या. त्या घरात त्या प्रथमच येत होत्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. उमाकाकूंनीच पुढं होऊन म्हटलं, "आत या, मनुबाई. तुम्हालाच बोलवणार होतो."

मनुबाईंच्या हातात पानात बांधलेली पुडी होती. गुरुजींनी धोतर सावरलं, चिमटा शोधला, मग राहू दे म्हणून हातानंच एक तुकडा उचलला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मासा कोपऱ्यातून निघाला. नव्या जागेत पहिल्यांदाच त्यानं अंग पूर्ण लांबवलं आणि हौदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठंही न अडखळता पोहत आला. मिशा गुरुजींच्या मनगटाला लागल्या, जरा थांबल्या. मग त्यानं तुकडा घेतला.

"आनखी एक द्या," मनुबाई म्हणाल्या.

"आज एकच," उमाकाकू म्हणाल्या. "उरलेलं परवा."

गुरुजींनी हात काढला, पंचाला पुसला आणि वहीत तारीख घातली.